वाकडा लॅपटॉप

काल संध्याकाळी तपकीर गल्लीत एका अनोळखी गृहस्थांनी माझा जो पाणउतारा केला, तो अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

झालं होतं एवढंच की लॅपटॉप चार्ज होत नव्हता. वायर लावली की व्यवस्थित चालायचा, काढली की मान टाकायचा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहून यायचं, 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. म्हणजे पानावर बसलोय, पण जेवत नाहीये. आमच्याकडे रुसलेली माणसं हेच करतात.

दोन दिवस मी शर्थ केली. बोर्ड बदलले. सगळं काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू नाही ना ते पाहिलं. तसंही इथे सातावर गाडी अडली होती, ऐंशीचा प्रश्न कुठे. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' ही कमांड टाकून बॅटरीचा रिपोर्ट काढला. ४२ वॅट-अवरची बॅटरी आता ३१ची उरलीय असं कळलं. थकलेली होती, पण मेलेली नव्हती. हेल्पलाइनवरच्या मुलीने मात्र तीन वेळा विचारलं, "सर, चार्जर प्लगमध्ये लावलाय का?" तिसऱ्यांदा मी खरंच वाकून बघितलं.

तेव्हा काल जिन्याखालच्या त्या दुकानात पोचलो. दुकानदार एका डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मोबाइलच्या पोटात शिरला होता. त्याने मान वर न करता "बसा" म्हटलं. बसायला एकच स्टूल, त्यावर एक आजोबा. मांडीवर ट्रान्झिस्टर. मी दुकानदाराला रिपोर्टसकट सगळं सविस्तर सांगू लागलो. ऐकत होते आजोबा.

"किती वर्षं झाली?"

"लॅपटॉपला? पाच."

"वाकडा करून पाहिलात?"

मला वाटलं ट्रान्झिस्टरबद्दल बोलतायत.

"अहो, तुम्हालाच विचारतोय. चेतक होती का तुमच्याकडे?"

वडिलांकडे होती, म्हणालो.

"मग तुम्हाला सांगायला कशाला हवं! सकाळी किक मारून मारून पाय भरून आला की काय करायचे वडील? गाडी आडवी करायचे. अंगावर घ्यायचे. मग एका किकमध्ये सुरू. मी नंबर लावून किती वर्षं थांबलो होतो माहितीये? बुकिंग केलं तेव्हा मुलगी पाळण्यात होती. गाडी आली तेव्हा ती मागच्या सीटवर बसून शाळेत गेली."

"काका, तिथे पेट्रोल असायचं. यात लिथियम आयन असतं," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दोन दिवसांचा अभ्यास ओठांवर होता. या बॅटरीसाठी २०१९ साली तिघांना नोबेल मिळालं, त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, हेही मी सांगून टाकलं.

"बघा! म्हाताऱ्या माणसाचं ऐकावं," आजोबा म्हणाले, आणि माझ्या हातातला, वायर लावलेला लॅपटॉप त्यांनी सरळ उचलून डावीकडून वर केला. वायर ओढली गेली. नारिंगी दिवा लागला.

सातचे आठ टक्के झाले. दुकानदाराने पहिल्यांदाच भिंग काढलं.

आता यामागचं शास्त्र पुढीलप्रमाणे. माझ्या चार्जरच्या टोकात मधोमध केसाएवढी पिन आहे. आपण कोण, किती वॅटचे, ही ओळख चार्जर तिच्यातून पटवतो. सॉकेट ढिला झाला आणि ती पिन टेकेनाशी झाली की वीज आत येते, पण ओळख पटत नाही; मग लॅपटॉप स्वतः चालतो आणि बॅटरीला उपाशी ठेवतो. तिरका केल्यावर पिन टेकली. चेतकचा आणि याचा काडीचा संबंध नाही. हे मी आजोबांना दोनदा समजावलं. ते दुकानदाराला म्हणाले, "शिकलेली माणसं आहेत, लगेच पटत नाही."

वर त्यांचा ट्रान्झिस्टर दुकानदाराने फुकट करून दिला. माझ्याकडून तपासणीचे दोनशे घेतले. तपासलं कोणी?

एके काळी लॅपटॉपच्या पोटाखाली दोन खटके असायचे, सरकवले की बॅटरी हातात यायची. घरच्या घरी काढा, पुसा, घाला. आता सगळं अकरा स्क्रूंनी बंद, त्यातले काही रबराखाली दडवलेले, आणि आतलं काय बिघडलंय हे विचारायला कंपनीला फोन केला तर प्लग लावलाय का म्हणतात. वस्तू आपली, पैसे आपले, उघडायची परवानगी तेवढी नाही. त्यापेक्षा ती चेतक बरी. रुसायची, पण निदान अंगावर घेता यायची.

सॉकेटचा पार्ट चार दिवसांनी येणार आहे. तोवर लॅपटॉपच्या डाव्या अंगाखाली पोळ्यांचा डबा ठेवून काम चाललंय. अक्षरं उतारावर दिसतात म्हणून मानही त्याच कोनात धरलीय. मघाशी आई येऊन म्हणाली, "ताठ बस रे, पाठीला बाक येईल."

डबा हवा होता तिला. तिने काढून नेला. बासष्ट टक्के.