स्क्रीन दाराकडे, आधार रद्दीत

काल बहिणीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला तालुक्याला नेट कॅफेत गेलो आणि डोकं फिरवून घेऊन परत आलो.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पासबुक, आधार, सगळं स्क्रीनवर उघडं. आणि स्क्रीनचं तोंड थेट दाराकडे! मागे नंबर लावून सात-आठ जण उभे. त्यातले एक काका चक्क वाकून वाचतायत, "वडिलांचं उत्पन्न एवढंच होय रे?" अहो काका, तुमच्या शेताचा बांध कोरलाय का आम्ही? ओटीपी आला की कॅफेवाला पोरगा तिकडून ओरडणार, "ओटीपी बोला!" आणि आपण अख्ख्या दुकानाला ऐकू जातील असे सहा आकडे बोलायचे.

म्हटलं, स्क्रीन भिंतीकडे फिरव की. तर म्हणे, "नियम आहे, दादा." आणि आहेच की खरंच! केंद्राचे 2011 चे सायबर कॅफे नियम. केबिनबाहेरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन मोकळ्या जागेकडेच पाहिजे, पार्टिशन साडेचार फुटांच्या वर नको. अश्लील साइट बघायला मनाई, असा बोर्डही पाहिजे. तो आहे, ठळक अक्षरांत. अरे, पण ते बघणारा आता तासाचे पैसे मोजून इथे कशाला मरायला येईल? त्याच्या खिशात मोबाइल आहे! इथे येतो तो दाखलेवाला, फॉर्मवाला, पीक विम्याची पावती काढणारा. पहारा बसवला चोरावर आणि उघडे पडलो आम्ही.

वर ओळखपत्राची झेरॉक्स द्या, रजिस्टरात नाव, पत्ता, नंबर लिहा. हे सगळं वर्षभर सांभाळायचं, हाही नियमच. सांभाळतात कसं? रजिस्टर काउंटरवर उताणं पडलेलं. माझ्या आधी आलेल्या मुलीचा मोबाइल नंबर मला उभ्या उभ्या पाठ झाला असता. उद्या तिला कुणी फोन करून छळलं, तर विचारायचं कुणाला? बोर्डाला?

निघताना पोरानं एका पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. फॉर्म शंभर, स्कॅन वीस, प्रिंट दहा. कागद सहज उलटला, तर मागे कुणा आजींचं आधार कार्ड. फोटोसकट, नंबरासकट! घडी घालून खिशात टाकला.

तर पोरगा म्हणतो, "दादा, तो ठेवा की, त्यावर आमचा सकाळपासूनचा हिशोब आहे."