पी 22 पाइपला 7018 रॉड चालतो का? एक खुलासा

बॉयलरच्या पी 22 पाइपची किमान ताणशक्ती 415 मेगापास्कल आणि 7018 या वेल्डिंग रॉडची 490, म्हणून प्रीहीट केले, म्हणजे वेल्डिंगआधी पाइप तापवला, की 7018 बिनदिक्कत चालतो, असा संदेश वेल्डरमंडळींत फिरतो आहे. यातील आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आणि धोक्याचा आहे.

हे आकडे सामान्य तापमानाचे आहेत, तर हा पाइप 540 अंश सेल्सिअसच्या आसपास वर्षानुवर्षे दाबाखाली राहतो आणि तिथे धातू हळूहळू ताणला जाण्याला, म्हणजे क्रीपला, विरोध करतात ते त्यातील सव्वादोन टक्के क्रोमियम व एक टक्का मॉलिब्डेनम. साध्या कार्बन स्टीलच्या 7018 मध्ये ही भर नसते, त्यामुळे हायड्रोटेस्टमध्ये, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीत, ठणठणीत दिसलेला जोड पुढे कामावर दगा देऊ शकतो. प्रीहीट हायड्रोजनमुळे पडणारे तडे टाळण्यासाठी असते. त्याने रॉडमध्ये क्रोमियम येत नाही.

येथे ई 9018-बी 3 हाच नेहमीचा रॉड. पकडीच्या टोकाजवळ, फ्लक्सवर (रॉडच्या लेपावर) छापलेला 'बी 3' पाहूनच तो ओव्हनमधून काढावा. आकडा पुसट असेल तर तो रॉड बाजूला ठेवावा. वेल्डिंगनंतरची उष्णताप्रक्रिया मंजूर डब्ल्यूपीएसप्रमाणेच (वेल्डिंगच्या लेखी कार्यपद्धतीप्रमाणेच) करावी.