ओला रुमाल बांधून टाकीत उतरा म्हणे!

परवा भाच्याने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, 'सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे टाइमपास, अनुभवी कामगाराला गरजच नाही', खाली चार मुद्दे. पोरगा अंबडला ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करतात तिथे, कामाला आहे म्हणून मी तो फॉरवर्ड वाचला, नाहीतर असलं काही मी उघडतही नाही.

म्हणे 'टाकीत आजोबांसारखा कंदील सोडा, जळत राहिला तर हवा चांगली'. आमच्या गावीही जुन्या विहिरीत आधी कंदील सोडायचे, आणि त्यात अक्कल होतीच, ऑक्सिजन फार कमी असला की कंदील विझतो. पण ईटीपीच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असला तरी कंदील आरामात जळतो, आणि मिथेन साठलेला असला तर तोच कंदील भडका उडवतो. वासावर जावं तर हायड्रोजन सल्फाइडचा वास आधी सडक्या अंड्यासारखा येतो, गॅस वाढला की नाकच बधिर होतं, आणि माणूस म्हणतो वास गेला, चला.

खरं डोकं फिरलं ते पुढच्या मुद्द्याला. 'आत कोणी पडला तर वेळ न घालवता तोंडाला ओला रुमाल बांधून उतरा.' अरे, रुमालातून ऑक्सिजन येतो का? अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेने 1986 मध्येच सांगितलंय की बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला उतरलेले असतात. एक पडतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. आपल्या जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 36 मध्येही होतं, हवा तपासून जाणकाराचं लेखी सर्टिफिकेट, नाहीतर श्वासाचं उपकरण आणि कमरेच्या पट्ट्याला दोर, दोराचं टोक बाहेरच्याच्या हातात. बाहेरच्याने ओढायचं, उतरायचं नाही. 20 वर्षं टाक्या साफ केलेल्यालाही हे घोटून घ्यावं लागतं, कारण सोबतचा आडवा पडलेला दिसला की अनुभव-बिनुभव काही आठवत नाही.

'ग्लोव्ह्जमुळे अपघात होतात' हे अर्धं खरं, लेथवर, ड्रिलवर ग्लोव्ह अडकून हात आत जातो. पण कुठे घालायचे नाहीत हे ट्रेनिंगमध्येच सांगतात ना!

'नुसत्या सह्या घेतात' हे मात्र मान्य करावं लागतं, माझ्याही घेतल्यात, चहा-बिस्किटाबरोबर. मग नीट ट्रेनिंग मागा की. भोपाळनंतर 1987 मध्ये कलम 111-अ घालून तो कामगाराचा हक्कच केला होता.

भाच्याला फोन लावला, विचारलं तुमच्याकडे गॅस मीटर आहे का. म्हणाला, आहे ना मामा, स्टोअरच्या कपाटात, किल्ली साहेबांकडे असते.