वसईचा किल्ला नुसता फोटोसाठी नाहीये

मंडळी, रविवारी आईला घेऊन वसईला जाऊन आले, तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते लिहून टाकते. आम्ही राहतो बोरिवलीत, विरार लोकलने वसई रोड म्हणजे अर्धा तास पण नाही, तरी आई साठी उलटल्यावर पहिल्यांदा किल्ल्यात पाय ठेवत होती!

आत फ्रान्सिस्कन चर्चचे अवशेष आहेत. छप्पर केव्हाच गेलंय, पण जमिनीत पोर्तुगीज काळातले थडग्यांचे दगड आहेत, त्यावर कोरलेली अक्षरं अजून दिसतात. आई खाली वाकून त्यावरून बोट फिरवत होती, कुणाचं गं हे, म्हणाली, आणि मला काहीच सांगता येईना कारण जवळपास मराठीत एक धड बोर्ड नाही, आणि तिथेच शेजारच्या दगडावर उभं राहून प्री-वेडिंग शूट चालू, रंगीत धूर वगैरे. लग्नाचे फोटो काढा हो, किल्ला मोठा आहे, पण कुणाच्या तरी थडग्यावर पाय देऊन नको ना! भिंतींवर बदाम काढून नावं कोरलीयत ते बघून तर जीव तुटतो.

मग आईने वर बघून विचारलं, घंटा कुठेय? तिचं माहेर नाशिक, तिथल्या नारोशंकराच्या देवळातली घंटा बघत मोठी झालेली. ती घंटा इथलीच गं, म्हटलं. चिमाजी आप्पांनी 1739 च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यानंतर इथल्या चर्चच्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, भीमाशंकरला पण एक आहे. आई किती तरी वेळ त्या रिकाम्या मनोऱ्याकडे बघत राहिली.

आणि याच वसईत 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, इंग्रजांची तैनाती फौज पदरात घेतली, म्हणजे स्वातंत्र्यच गहाण टाकलं. एवढा मोठा विजय आणि त्रेसष्ट वर्षांनी हे, एकाच गावात. शाळेत दोन वेगवेगळ्या धड्यांत शिकलो, जोडून कुणी सांगितलंच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक वास्तूपाशी मराठीत चार ओळी लावा, इथे काय होतं, कोण राहायचं. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातला किल्ला आहे, एवढं व्हायलाच हवं.

आणि जाल तर किल्ला बघून लगेच परत फिरू नका. किल्लाबंदरच्या कोळीवाड्यातून चाला, गोन्सालो गार्सिया याच वसईचा, 1597 मध्ये जपानला नागासाकीत क्रूसावर मारला गेला आणि 1862 मध्ये संत झाला, त्याच्या नावाचं चर्च इथे आहे. वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यांवरून केळीच्या बागांपर्यंत जा. राजेळी केळ्यांची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, मिळाली तर सोडू नका, वर्षानुवर्षं तीच चव.

पावसाळा सरता सरता जा, तटावर सगळं हिरवं असतं, फक्त शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून. आम्ही दिवाळीत नाशिकला जातोय, आईला आता ती घंटा अगदी जवळ जाऊन बघायचीय.