आधी चर खणा, मग झाड लावा

दरवर्षी जुलै आला की फीडवर वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात आणि मला खरंच त्रास होतो. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या माळावर अशीच दोनशे रोपं लावली होती, खड्डे काढायला मीपण होतो, पुढच्या मे महिन्यात मोजायला गेलो तर अकरा जिवंत. अकरा! अधनंमधनं टँकर आणूनसुद्धा.

माझं म्हणणं एवढंच की दुष्काळी भागात झाडाचं काम उन्हाळ्यातच सुरू व्हायला पाहिजे, चर खणून. आपल्याकडं वर्षाला जेमतेम साडेचारशे-पाचशे मिमी पाऊस, तोही चार-दोन दणक्यात पडणार आणि मुरमाड उतारावरनं माती घेऊन सरळ ओढ्याला जाणार. हिशोब करून बघा, 1 मिमी पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. झाडाच्या वरच्या अंगाला 10 चौरस मीटर उतार धरला आणि 20 मिमीची एक सर आली तर 200 लिटर, त्यातलं पाव जरी चरात उतरलं तरी एका झाडाला 50 लिटर मिळालं, ते पण फुकट.

उतारावर चराची रेघ एका पातळीत आखायला आमच्या नानांनी ए फ्रेम बनवली, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराचा सांगाडा. तीन काठ्या, सुतळी आणि लोंबता दगड, बास. सुतळी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेला लागली की दोन्ही पाय एका लेव्हलला आले, तिथं खुणेला चुन्याची फक्की टाकायची आणि पुढं सरकायचं. त्या रेषेवर दोन फूट रुंद, एक फूट खोल समतल चर, माती खालच्या अंगाला टाकायची, आणि एक-दोन चांगले पाऊस मुरले की त्या भरावाच्या कडेला सीताफळ, बोर, कडुनिंब, करंज असली इथलीच झाडं लावायची, बुडाला पालापाचोळा. मागच्या फेब्रुवारीत एका सीताफळाखालचा पाला सारून बोट घातलं तर दोन पेरांवर माती गार लागली. शेजारचा माळ तेव्हा कुदळीला दाद देत नव्हता.

आणि शेळ्यांचं काय ते आधी ठरवा. हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, तिथंही पाऊस कमीच, पण त्या गावानं पाणी अडवलं तशी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीपण पाळली, हे मात्र कुणी बोलत नाही.

यंदा आम्ही खालच्या पट्ट्यात मार्चपासून चर ओढतोय. माण-खटावातलं कुणी येणार असेल तर या, टिकाव-खोरं आपापलं आणा, ए फ्रेम नानांकडं आहे.