संशोधनाला पैसे कशाला? म्हणून विचारणाऱ्यांसाठी

रविवारी बेळगावात कॅन्सर संशोधनासाठी वॉकेथॉन झाली. संभाजी चौकातून निघून काँग्रेस रोडनं आम्ही चाललो. त्याआधी ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडं पैसे मागून झाले होते. गणपत गल्ली म्हणू नका, शहापूर म्हणू नका, प्रश्न एकच: "संशोधनाला कशाला गं? एखाद्या पेशंटला दे की!"

पेशंटला द्यायलाच पाहिजे. घरात कॅन्सर निघाला की परळला टाटात नाहीतर बंगळूरला किदवाईत धावायचं, आणि तिथं राहण्याखाण्यातच सोनं गहाण पडतं. पण संशोधन म्हणजे कुठंतरी अमेरिकेत लॅबमध्ये चालतं, आपला काय संबंध, हे मला अजिबात पटत नाही.

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याचं बघा. टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलनं तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर कुठल्या तपासणीनं लवकर सापडतो, हे त्यांना बघायचं होतं. २००९ साली निष्कर्ष छापून आला. ज्या गावांत एचपीव्ही तपासणी, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची तपासणी, एकदाच केली, तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. आज जागतिक आरोग्य संघटना हीच तपासणी आधी करा म्हणते. खुरपणीला जाणाऱ्या बायकांमुळं हे जगाला कळलं, आणि तो अभ्यास देणगीच्या पैशावर झाला!

आता आपल्या निपाणीकडं या. माझी मावशी तिथं राहते. तिच्या गल्लीतल्या बायका वखारीत तंबाखू चाळतात. नाकाला पदर बांधलेला असतो, तरी संध्याकाळी वेणी सोडली की केसांतून तपकिरी धूळ पडते. त्यातल्या कितीतरी जणी सकाळी दातांना मिश्रीच लावतात. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींनी निपाणीत केलेलं आंदोलन अजून सगळ्यांच्या तोंडावर आहे. भावाचं बोलणं झालं, व्हायलाच हवं होतं. या बायकांच्या तोंडाचं, छातीचं काय होतं, हे वर्षानुवर्षं कोण तपासणार? त्याला पैसे लागतात, म्हणून मी मागते.

आयोजकांना दोन गोष्टी सांगितल्यात. माहितीपत्रक नुसतं इंग्रजीत होतं, ते मराठीत आणि कन्नडमध्ये काढा. आणि पुढची वॉक निपाणीत घ्या. मावशीच्या गल्लीतल्या बायका यायला तयार आहेत, मी विचारलंय. फक्त सकाळी लवकर ठेवा, त्यांना वखारीत वेळेवर पोचावं लागतं.