नाण्यांवरचा मुद्राराक्षस

अकरा नाणी. तीन महिने, रोज रात्री घरातले सगळे झोपल्यावर, दिवा नाकापर्यंत ओढून आणि भिंग डोळ्यात खुपसून निवडलेली अकरा नाणी. संग्राहकांच्या मेळाव्यातल्या तपासनिसांनी त्या अकरांचा निकाल इतक्या झटपट लावला, की माझ्या मागचा टोकनवाला अजून खुर्ची शोधत होता.

टाकसाळीतल्या चुका फुकट ओळखून मिळणार होत्या. अपमानही त्यातच धरलेला असतो, ते टेबलाशी बसल्यावर कळलं.

आणि तो एकांतात झाला असता तर एक वेळ गिळला असता. पण शेजारच्या खुर्चीत एक काका होते. पुतण्याबरोबर आलेले, पुतण्या दुसऱ्या दालनात हरवलेला, हातात काही काम नाही. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. शर्टाच्या खिशात तांबडी पेन्सिल होती. निवृत्तीनंतरही!

"काय शोधताय ताई?"

"चुका."

"अरे वा!" काकांनी खुर्ची जवळ ओढली. "सापडल्या की दुरुस्त कुठे करून देतात?"

चुकलेलं नाणं दुरुस्त करत नाहीत, जपून ठेवतात, असं मी सांगितलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मी उदाहरणं दिली. १९५५ सालचा अमेरिकन सेंट घ्या. नाणं पाडायचा ठसा तयार करताना मूळ आकृती त्यात दोनदा दाबली गेली, दुसऱ्यांदा जराशी फिरून. त्यामुळे त्या ठशाने पाडलेल्या हजारो सेंटांवर अक्षरं आणि साल साध्या डोळ्यांना दुहेरी दिसतात. लोक ते नाणं सोन्यासारखं सांभाळतात. १९३७ च्या एका पाच सेंटी नाण्यावरचा बायसन, म्हणजे अमेरिकन रानगवा, तर तीनच पायांवर उभा आहे. कारागिराने ठसा घासून साफ करताना चौथा पायच घासून टाकला. ब्रिटनमध्ये २००८ साली नक्षी बदलली तेव्हा साल काट्यावरून छापाकडे हलवलं, पण वीस पेनीच्या काही नाण्यांना छाप जुन्या ठशाचा आणि काटा नव्या ठशाचा लागला. मग साल कुठेच नाही.

"आणि हे असं बाहेर पडलं?" काकांचा आवाज चढला. "छापायचा हुकूम कोणी दिला? आमच्याकडे लग्नपत्रिकेत वराचं नाव दोनदा पडलं तेव्हा मालकाने माझा पगार कापला होता. आणि तुमच्याकडे त्याला डबीत ठेवतात?"

तुमच्याकडे! जणू टाकसाळ माझ्या माहेरची.

तेवढ्यात माझा नंबर आला, आणि काका खुर्चीसकट आले.

पहिल्या नाण्यावर अक्षरं स्वच्छ दुहेरी होती. तपासनिसांनी भिंग लावून लगेच काढलं. "ही ठशाची चूक नाही, मॅडम. ठोका पडताना ठसा सैल होता, तो सरकला. दुसरं अक्षर चपटं आहे, पायरीसारखं, आणि मूळ अक्षराची जाडी खाल्लीय त्याने. खऱ्या दुहेरी ठशात अक्षर जाड होतं, कोपऱ्यांना खाचा दिसतात. याला किंमत नाही."

"म्हणजे चूक आहे, पण चुकीची चूक आहे," काका मला समजावून सांगू लागले.

दुसऱ्या नाण्याची कड चंद्रकोरीसारखी कापलेली. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पंच पडला की अशी कोर निघते, हे मी वाचलं होतं. पण तेव्हा बरोबर समोरची कडही अशक्त उठते, हे वाचायचं राहिलं. माझ्या नाण्याची समोरची कड ठणठणीत. "कोणीतरी कापलंय," तपासनीस म्हणाले. तिसऱ्यावर उलटी, खोल गेलेली आकृती होती. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर ते असं आरशातल्यासारखं उमटतं. माझ्या नाण्यावर ते शिकंज्यात दोन नाणी दाबून उमटवलेलं होतं. चौथ्याची कड जाड होऊन आत वळलेली. ते म्हणे कपडे वाळवायच्या यंत्रात अडकून गोल गोल फिरलेलं. नाण्याला इतका एकाकी भूतकाळ असेल याची मला कल्पना नव्हती.

पाचवा होता १९४३ चा तांब्याचा सेंट. त्या वर्षी युद्धामुळे तांबं वाचवायला अमेरिकेने सेंट पोलादाचे पाडले. चुकून तांब्याच्या चकत्यांवर पडलेले मोजकेच. तपासनिसांनी खिशातून चुंबक काढलं. माझा सेंट त्याला टक्कन चिकटला. वरून मुलामा होता.

इथे मला खरंच राग आला. नाण्याचा नव्हे, ज्यांचे व्हिडिओ बघून मी नाणी निवडत बसले त्या व्हिडिओवाल्यांचा. 'हे नाणं घरात असेल तर तुम्ही करोडपती' असं ओरडून हे लोक मोकळे होतात, आणि समोरची कड बघा, चुंबक लावा, वजन करा, यातलं काहीही सांगत नाहीत. कारण ते सांगितलं तर कोणी करोडपती उरत नाही. माझ्या डोळ्यांचा नंबर वाढला तीन महिन्यांत. त्याची भरपाई कोणाकडे मागायची? मी काही भोळी नाही हो. पण रात्री साडेअकराला दुहेरी अक्षर दिसलं की माणूस भोळा होतो.

सहा ते दहा: झीज, झीज, मार, झीज, मार. टाकसाळीत झाली ती चूक, बाहेर आल्यावर झाला तो मार. एवढाच कायदा.

अकरावं माझं हुकमी होतं. छाप सरळ धरून नाणं आडवं फिरवलं की काटा पूर्ण उलटा. १८० अंश फिरलेला ठसा! मी ते दाखवतानाच तपासनिसांनी खणातून त्याच देशाची चार नाणी काढली आणि एकेक फिरवून दाखवली. सगळी उलटी. "काही देशांची नाणी पुस्तकाच्या पानासारखी उलटायची असतात, काहींची भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी. तुमचं कॅलेंडरवालं आहे."

काका खूश. "सगळ्यांनी एकच चूक केली की ते शुद्ध! व्याकरणातही तसंच आहे, ताई." मग जरा थांबून, हळू आवाजात, "चाळीस वर्षांत मी हजारो चुका काढल्या. एकीचेही कोणी पैसे दिले नाहीत. तशाच ठेवल्या असत्या तर..."

पुढे ते बोलले नाहीत. मलाही काही सुचलं नाही.

तपासनिसांनी माझ्या चिठ्ठीवर रबरी शिक्का मारला. त्यांचा हात हलला, आणि बाहेर येऊन मी सवयीने भिंग लावलं तर शिक्का दुहेरी उमटलेला. ते सोडा, हात हलण्याला किंमत नसते हे मी नुकतंच शिकले होते. पण शिक्क्यातच खाली कोरलेलं होतं, 'नाणि तपासलि'. दोन्ही शब्दांत वेलांटी ऱ्हस्व. ही चूक हाताची नव्हे, थेट ठशातली! मूळची, अस्सल, टाकसाळीतली. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातात खरा माल आला होता.

"बघू," म्हणत काकांनी चिठ्ठी घेतली, आणि मी नको म्हणेपर्यंत तांबड्या पेन्सिलीने दोन्ही वेलांट्या दीर्घ करून परत दिली.